फौजीची ट्रंक हयातीतच उघडा

साताऱ्याकडच्या कुठल्याही गावात जा, माळ्यावर नाहीतर पलंगाखाली एक काळी लोखंडी ट्रंक सापडतेच. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, रँक आणि नाव. आत डांबराच्या गोळ्या, मेडलं, घडी घातलेला ब्लेझर आणि अगदी तळाला प्लास्टिकच्या पिशवीत रबर गुंडाळून ठेवलेले कागद. रबर वितळून पिशवीलाच चिकटलेलं असतं. किती वर्षांत कुणी हात लावलेला नाही, ते त्यावरून कळतं. ही ट्रंक उघडते ती फौजी गेल्यावर, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि मग घरातली माणसं एकमेकांना विचारतात, यातला पीपीओ कुठला?

मी फौजेत क्लार्क होतो. नोकरीत असताना पलटणीतल्या पोरांच्या नोंदी लिहिल्या आणि निवृत्त झाल्यापासून आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांची, त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांची कागदपत्रं बघून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. इतक्या वर्षांत पाहिलं ते असं, की सरकारी तिजोरीत पैसा नाही म्हणून कुणाचा हक्क अडला, असं एकदाही दिसलं नाही. अडतं ते एका अक्षरावर, एका रिकाम्या रकान्यावर. नवरा-बायको दोघंही असताना ते अक्षर एका अर्जात दुरुस्त होतं. नवरा गेल्यावर त्याच अक्षरापायी बाईला वर्षभर हेलपाटे घालावे लागतात. म्हणून हा लेख माजी सैनिकांइतकाच त्यांच्या मुला-सुनांसाठी आहे आणि गावातल्या त्या एखाद्या शिकलेल्या पोरासाठीही, ज्याच्याकडे सगळे मोबाईल घेऊन येतात.

एक उदाहरण सांगतो. एक आजी नातवाचा हात धरून आल्या. पेन्शन नियमित जमा होत होती, तक्रार काहीच नव्हती. हयातीचा दाखला तेवढा करून हवा होता. मी सहज वय विचारलं. म्हणाल्या, "कोयनेचा भूकंप झाला तवा माझा थोरला चार वर्षांचा हुता." आधारवर जन्मतारीख होती १ जून १९४१. (आमच्याकडे निम्म्या गावाचा जन्म १ जूनचाच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती सोय केलेली असते.) म्हणजे जून २०२१ मध्ये त्यांना ८० वर्षं पूर्ण झाली. ज्या महिन्यात ऐंशी पूर्ण होतात, त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मूळ पेन्शनवर २० टक्के जास्त मिळतात. ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली तर पेन्शनइतकीच आणखी रक्कम. हे फौजीला लागू आहे आणि त्याच्या विधवेलाही. आजींना मात्र छदामही वाढून मिळाला नव्हता. कारण पीपीओवर, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरवर, पत्नीच्या जन्मतारखेचा रकाना कोराच होता. संगणकाला त्यांचं वयच माहीत नव्हतं, तर तो ऐंशी कसे मोजणार? किमान मूळ पेन्शन ९,००० रुपये, तिचे २० टक्के म्हणजे महिना १,८००. चार वर्षांचे ८६,४०० झाले, तेही महागाई भत्ता न धरता. जन्मतारखेचा पुरावा जोडून अर्ज केला, काही महिन्यांनी थकबाकीसह रक्कम आली. हयातीच्या दाखल्यासाठी त्या आल्या नसत्या तर आलीच नसती.

तेव्हा पहिली तपासणी ही करा. पीपीओ हातात घ्या आणि पत्नीचं नाव, तिची जन्मतारीख आणि नातं हे तीन रकाने वाचा. जुन्या पीपीओवर पत्नीचं नाव मुळातच नसण्याची शक्यता असते. नंतर दुरुस्त्या झाल्या असतील तर त्यांचे वेगळे कागद निघालेले असतात, त्यांना फौजी भाषेत 'कॉर पीपीओ' म्हणतात. तेही शोधून मूळ पीपीओला टाचून ठेवा.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं जातं आणि माहेरची सिंधू सासरी लक्ष्मी होते. शाळेच्या दाखल्यावर सिंधू, रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, आधारवर नुसतं लक्ष्मी. त्यात भरतीनंतर पलटणीत नोंद करणारा क्लार्क कुठल्या मुलखाचा असेल सांगता येत नाही. शेवंताची शेवंती बाई होते, पार्वतीची पारबती. त्या काळी जवान सुट्टीवरून परत गेला की तोंडी नाव सांगायचा आणि क्लार्क कानाला येईल तसं लिहायचा. मीही लिहिलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्याला नावं ठेवत नाही. एवढंच सांगतो, की पीपीओ, डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदपुस्तक), आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक या पाच ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आधार हल्लीच काढलेलं, म्हणून ते बरोबर असं समजून चालू नका. कधीकधी पीपीओ बरोबर असतो आणि चूक आधारवर असते. तसं असेल तर आधार बदलणं फार सोपं.

चूक फौजेच्या नोंदीत असेल तर अर्ज जातो रेकॉर्ड ऑफिसला. सोबत प्रतिज्ञापत्र, आधार, लग्नाचा पुरावा, जोडफोटो. इथे बरीच घरं अडखळतात, कारण बाईला एवढंच ठाऊक असतं की 'ते मिलिटरीत होते'. कुठल्या रेजिमेंटचे, ते ट्रंकेच्या झाकणावरच्या नंबरावरून आणि डिस्चार्ज बुकवरून कळतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिकरोडला. नौदलाच्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला आणि हवाई दलाच्या दिल्लीत सुब्रतो पार्कला. पत्रव्यवहारात सर्व्हिस नंबर, रँक आणि नाव ही तिन्ही पहिल्या ओळीत लिहा. नुसत्या नावाने तिथे काहीच सापडत नाही.

इतक्या लांब पत्रं पाठवायला घाबरणाऱ्यांसाठी मधला दुवा आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. गावोगावी लोक त्याला अजूनही 'सैनिक बोर्ड' म्हणतात. माजी सैनिकाची आणि विधवेची नोंदणी तिथे होते, ओळखपत्र तिथूनच मिळतं, अर्ज तिथून शिफारशीसह पुढे जातात. कार्यालयाचे कल्याण संघटक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी येतात, तो वार विचारून ठेवला तर म्हाताऱ्या माणसाची जिल्ह्याची एक फेरी वाचते. कुठल्याही टेबलावर कागद दिला की झेरॉक्सवर आवक शिक्का मारून घ्यायचा. 'साहेब ओळखीचे आहेत' म्हणून शिक्का न घेणारी माणसं मला सहा महिन्यांनी पुन्हा भेटतात.

'स्पर्श' आणि बँक

पूर्वी पेन्शनचा हिशेब बँक करायची. आता बहुतेक सगळी संरक्षण पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेवर गेली आहे आणि तिचा कारभार प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे आहे. बँकेत आता फक्त पैसे येतात. तरी आपले लोक पासबुक घेऊन बँकेतच भांडतात आणि बँकवाला खांदे उडवतो. त्याच्या हातात खरंच काही नसतं. नावातली दुरुस्ती, जन्मतारीख, पत्ता, तक्रार, मृत्यूची सूचना हे सगळं स्पर्शच्या खात्यातून होतं. खात्यात स्वतः शिरता येत नसेल तर सीएससी केंद्रात किंवा बँकेच्या ठरावीक शाखांत स्पर्श सेवा केंद्र असतं. मात्र तिथे नोंदवलेला मोबाईल नंबर चालू हवा. अनेकांच्या खात्यात जावयाचा जुना नंबर असतो, तो नंबर कधीच बंद पडलेला असतो, आणि ओटीपी कुठे जातो ते देवाला माहीत. नंबर शक्यतो जे मूल आईवडिलांजवळ राहतं त्याचा द्या. ओटीपी आणि पासवर्ड मात्र फोनवर कुणालाही सांगायचे नाहीत, समोरचा कितीही शुद्ध हिंदीत 'स्पर्श ऑफिस से बोल रहा हूँ' म्हणाला तरी.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावाच लागतो. बहुतेक लोक नोव्हेंबरात देतात. ज्या बायकांनी जन्मभर भांगलणी केली, शेण सारवलं, त्यांच्या बोटांच्या रेघा मशीनला दिसत नाहीत. तासन्‌तास अंगठा दाबून त्या रडकुंडीला येतात. त्यांना सांगा की आता चेहऱ्यावरून दाखला होतो, साध्या स्मार्टफोनवर, घरबसल्या. भरताना एक चूक फार होते. पेन्शन देणारी संस्था विचारली की लोक आपली बँक निवडतात. पेन्शन स्पर्शवर असेल तर तिथे स्पर्शच निवडायचं, नाहीतर दाखला भलतीकडे जातो आणि काही महिन्यांनी पेन्शन थांबते. थांबलीच तर घाबरू नका, दाखला पोचला की मधली रक्कमही जमा होते.

फौजी गेल्यावर

दिवसकार्य आटोपेपर्यंत कुणाला कागदाचं सुचत नाही, ते मान्य. पण मृत्यूची सूचना स्पर्शवर लवकरात लवकर द्या. मी हे जोर देऊन सांगतो, कारण एक प्रकार वारंवार दिसतो. वडील गेले, एटीएम कार्ड मुलाकडे, पेन्शन येत राहते, तो काढत राहतो. कधी खर्चाची गरज म्हणून, कधी कळत नाही म्हणून. वडिलांची पेन्शन आईच्या कुटुंब पेन्शनपेक्षा जास्त असते, आणि जादा गेलेला प्रत्येक रुपया नंतर वसूल होतो. तो आईच्या पेन्शनमधून कापला जातो.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून घेताना नाव पीपीओवर आहे तसंच पूर्ण लिहून घ्या. गावात सगळे 'बापू सुभेदार' म्हणायचे म्हणून दाखल्यावर बापू लिहिलेलं मी पाहिलेलं आहे. दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढा. पेन्शन, बँक, उपचारांची ईसीएचएस योजना, विमा, सातबारा, जो तो मूळ प्रत मागतो.

आता रक्कम किती, ते बघू. सर्वसाधारण कुटुंब पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. पण निवृत्त फौजी वारला तर सुरुवातीला वाढीव दराने, ५० टक्क्यांपर्यंत मिळते. मृत्यूपासून ७ वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. नोकरीत असताना मृत्यू झाला तर हा वाढीव दर १० वर्षं. मुदत संपली की रक्कम ३० टक्क्यांवर उतरते आणि बायका 'पेन्शन कापली' म्हणून रडत येतात. त्यांना आधीच तारीख सांगून ठेवा, वहीत लिहून द्या.

मृत्यू सैनिकी सेवेमुळे झाला असेल तर विशेष कुटुंब पेन्शन, ६० टक्के. युद्धात किंवा दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आलं तर उदारीकृत कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. कुठल्या वर्गात बसवायचं ते युनिटच्या अहवालावरून आणि चौकशीवरून ठरतं. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं, त्याची मुदत नकाराच्या पत्रातच दिलेली असते, ते पत्र फेकू नका. अपिलातही न्याय मिळाला नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं एक पीठ मुंबईत आहे. फार वर्षं उलटली म्हणून हात टेकू नका. पेन्शन हा दर महिन्याला नव्याने उगवणारा हक्क आहे, असं न्यायालयं मानतात. तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मर्यादा घातली ती थकबाकीवर. मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे एक एक वर्ष घरात बसून काढाल, तितकी थकबाकी बुडत जाईल.

दुसरी नोकरी करणाऱ्या फौजींच्या घरात एक हक्क हमखास राहून गेलेला आढळतो. आपले जवान पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतात आणि पोलीस, रेल्वे, बँक, शाळा अशा ठिकाणी लागतात. पूर्वी विधवेला दोनपैकी एकच कुटुंब पेन्शन घ्यावी लागायची. २४ सप्टेंबर २०१२ पासून सैनिकी आणि दुसऱ्या सरकारी नोकरीची अशा दोन्ही पेन्शन मिळू शकतात. तुमच्या ओळखीच्या एखाद्या काकूंचे यजमान फौजेतून येऊन रेल्वेत लागले असतील आणि काकू फक्त रेल्वेचीच पेन्शन घेत असतील, तर आजच विचारा.

मुलांविषयी थोडक्यात. आईच्या मागे अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला अटींवर कुटुंब पेन्शन मिळू शकते, मात्र वैधव्य किंवा घटस्फोटाचा दावा आईवडिलांच्या हयातीतला असावा लागतो. स्वतः कमावू न शकणारं दिव्यांग मूल असेल तर त्याला जन्मभर मिळू शकते, आणि त्याचं नाव आईवडील जिवंत असतानाच पीपीओवर घालून घेता येतं. असं मूल असलेल्या घराने बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे काम करावं.

नॉमिनीवरून घराघरांत वाद होतात. पेन्शन म्हणजे मृत्युपत्राने कुणाला देऊन टाकायची मालमत्ता नव्हे. ती नियमाप्रमाणे कायदेशीर पत्नीला जाते, भांडून माहेरी राहात असली तरी. थोरल्या भावाने कितीही आवाज चढवला तरी यात फरक पडत नाही.

पेन्शनशिवाय

ट्रंकेत आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं एक प्रमाणपत्र असू शकतं. निवृत्तीवेळी एकदाच हप्ता भरून पुढच्या ठरावीक काळासाठी घेतलेला हा वाढीव विमा असतो. त्या काळात फौजी गेला तर वारसाला रक्कम मिळते, मात्र मागावी लागते. खातं बँकेच्या डिफेन्स पॅकेजमध्ये असेल तर अपघाती विम्याची जोड असते. अपघाती मृत्यू असल्यास एफआयआर आणि शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन बँकेला लगेच कळवा, कारण विम्याची मुदत कमी असते. ईसीएचएस ही उपचारांची योजना एप्रिल २००३ पासून आहे, विधवेलाही तिचा लाभ आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर कार्ड तिच्या नावावर बदलून घ्यायचं.

ज्यांना पेन्शनच नाही, पंधरा वर्षं भरण्याआधी घरी आलेले, त्यांचं काय? हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या, ६५ वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. ती ४,००० रुपये होती, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाली आहे. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाची मदत महिना १,००० वरून २,०००, आणि मुलीच्या लग्नाची ५० हजारांवरून १ लाख झाली. लग्नाची मदत विधवेला स्वतःच्या पुनर्विवाहासाठीही आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावात कुणी ते तिला सांगणार नाही. व्यावसायिक पदवी घेणाऱ्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये. बारावीसारख्या पात्रता परीक्षेत ६० टक्के लागतात आणि अर्ज पहिल्या वर्षीच करावा लागतो. दुसऱ्या वर्षाला आल्यावर विचारायला येणारी पोरं बघून वाईट वाटतं.

राज्यापुरतं सांगायचं तर महाराष्ट्राने २०२० मध्ये माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांच्या एका घराला मालमत्ता करातून सूट दिली. त्या योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव आहे. ग्रामपंचायतीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला द्यायचा, घरपट्टी थांबते. ग्रामसेवकाला माहीत नसेल तर शासन निर्णयाची प्रत सोबत न्या. राज्याच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षणही आहे.

हे सगळं भूदल, नौदल आणि हवाई दलातल्यांसाठी. गावात बीएसएफ, सीआरपीएफवाल्यांनाही आपण फौजीच म्हणतो आणि मानही तितकाच देतो, पण त्यांचे हक्क गृहमंत्रालयाच्या वाटेने येतात. त्यांच्या घरच्यांना सैनिक बोर्डात पाठवून हेलपाटा घडवू नका.

कागद पुरात गेले असतील, आणि २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूर-सांगलीकडून अशी कितीतरी घरं आली, तर डिस्चार्ज बुकची दुसरी प्रत मिळते. पोलिसात नोंद करायची आणि सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायचा. वेळ जातो, पण मिळते. थकबाकीतून टक्केवारी मागणाऱ्या एजंटाला यातलं काहीही जास्त करता येत नाही. तोही हाच अर्ज भरतो.

तर या रविवारी ट्रंक खाली काढा. आईला शेजारी बसवून तिचं नाव विचारा, माहेरचं, सासरचं आणि आधारवरचं. पीपीओवर चौथंच निघालं, तर सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. वडिलांना बरोबर न्या.